मोठ्या मुशींचा पत्ता

मी एक मोजकाठी. कापड मोजणारी नव्हे, आणि जमीन मोजणारी तर नव्हेच. मी शार्क मोजते. ऐकूनच दोन पावलं मागे सरकलात ना? सरका, हरकत नाही, पण उभे राहा सरळ. पोक काढून उभं राहिलेलं माणूस मला बघवत नाही. मी स्वतः सरळ आहे, अंगानंही आणि स्वभावानंही. त्या सरळपणाचा मला फार तोरा होता, तो कसा उतरला तेच सांगायला बसले आहे.

मला घडवलं मामांनी. मामा म्हणजे बोटींचे सुतार, आणि हंगामात बोटीवर सुरी चालवणारे. त्यांची भाची मासेमारी संशोधनाच्या कचेरीत नोकरीला लागली, त्याच दिवशी त्यांनी एका मोडक्या वल्ह्याचा दांडा रंध्याखाली घेतला. टोकाला पितळेची टोपी बसवली आणि तापलेल्या खिळ्यानं इंचाइंचाला खूण डागली. शहाण्णव वेळा भाजून निघाले मी! शेवटी मामांनी मला भाचीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे गं छोटे, पुरी आठ फूट. याहून मोठी आली तर काठी पुढे सरकव आणि तू मागे सरक."

छोटी तेव्हा तेवीस वर्षांची होती, पण घरादाराला आणि सगळ्या बंदराला ती छोटीच. तिचं काम सोपं होतं. भावाच्या बोटीवर जायचं, गळाला लागलेली प्रत्येक शार्क मोजायची, ती नर की मादी ते बघायचं, महिना आणि जागा वहीत लिहायची. समुद्रात लहान कुठे असतात, मोठ्या कुठे असतात, नर कुठे आणि माद्या कुठे, आणि कोणत्या महिन्यात कुठे जातात, एवढं कचेरीला जाणून घ्यायचं होतं.

बोटीचा कप्तान तिचा दादा, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. बोटीवर शार्कला मुशी म्हणत, आणि दादाचा मुशीवर दात होता. का, ते मामा मला रंधा मारता मारता दुसऱ्या एका सुताराला सांगत होते, ते मी ऐकलं.

दादा एकवीस वर्षांचा असताना बाबांनी दहा फुटांची एक मुशी बोटीवर ओढून घेतली होती. डोकं ठेचलं, हालचाल थांबली, मेली असं समजून बाबा तिला ओलांडून निघाले. ती मेली नव्हती. तिनं बाबांची मांडी धरली. किनारा दोन तासांवर होता आणि बाबांकडे दोन तास नव्हते. दादा सबंध वाट दोन्ही हातांनी जखम दाबून बसला होता. बोट धक्क्याला लागली तरी तो हात काढेना, तेव्हा मामांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

आई आधीच गेलेली. मग दादानंच छोटीला वाढवलं, शाळेत घातलं, तिच्या वेण्या घातल्या, आजारपणं काढली. माणूस सोन्यासारखा. पण मुशी समोर आली की तो दादा राहायचा नाही.

बोटीवर माझ्या शेजारी एक सोटा पडलेला असायचा, हातभर लांबीचा, मनगटाएवढा जाड. तो मारायला, मी मोजायला. मी त्याच्याशी बोलत नसे. गळांचा दोर ओढणाऱ्या चरखीवरून मुशी वर आली की दादा सोटा घ्यायचा. एका फटक्यात काम व्हायचं, पण दादा एकावर थांबायचा नाही. डोळे बाहेर येईपर्यंत मारायचा. मेलेलीलाही मारायचा. "पुरे रे, कातडं खराब होतंय," असं मामा म्हणायचे, तेव्हा कुठे हात खाली यायचा. मग रक्तातून मला सरकवत छोटी नाकापासून शेपटीपर्यंत माप घ्यायची. तिचा चेहरा मला जवळून दिसायचा. तिला मुशींचं वाईट वाटायचं, ते तर होतंच. पण जास्त वाईट वाटायचं दादाचं. तिला तिचा भाऊ परत हवा होता. या सगळ्या गोष्टीत तिला हवं होतं ते एवढंच, हे लक्षात ठेवा, म्हणजे तिचं पुढचं वागणं तुम्हाला कळेल.

माणसांची एक खोड मी तिथे पाहिली. मासा पाण्यात असताना सहा फुटांचा असतो, बोटीवर सात होतो आणि धक्क्यावर पोचेपर्यंत नऊ. मला लावलं की सगळ्यांची तोंडं कडू व्हायची. "काठीत काहीतरी गडबड आहे," असं चरखीवाला रोज म्हणायचा. गडबड म्हणे! आपल्या जिभेला कुणी खुणा डागून घेत नाही.

छोटीचीही एक खोड होती, आणि तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. नर-मादी ओळखणं अवघड नसतं. नराच्या पोटाखाली, मागच्या परांपाशी दोन काड्या असतात, मादीला नसतात. पण दादापुढे हे मोठ्यानं कसं म्हणायचं? त्या घरात असल्या गोष्टी मोठ्या भावासमोर बोलायची रीत नव्हती. पोट हा शब्द जेवणापुरता. वहिनीला दिवस गेले तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं होतं, दादाला सगळ्यांत शेवटी. तेव्हा छोटीनं आपली एक वाट काढली. वहीत लिहायची नर आणि मादी, पण तोंडानं पुकारायची 'भाऊ' आणि 'बाई'. "पाच फूट दोन, भाऊ! चार फूट अकरा, बाई!" चरखीवाला हसून हसून दोरावर पडायचा. "मास्तरीणबाई, एखादे काका-काकू येऊ द्या की!"

सहा वर्षं आम्ही दोघींनी मोजलं. समुद्र म्हणजे सगळं एकात मिसळलेलं, असं मला आधी वाटायचं. छे! तिथे घरापेक्षा कडक शिस्त आहे. हातभर लांबीची पिल्लं किनाऱ्याजवळ, नदीच्या तोंडाच्या गढूळ पाण्यात, भाऊ आणि बाई एकत्र. चार-पाच फुटांची झाली की वाटा वेगळ्या. भाऊ लांब, खोल, थंड निळ्या पाण्यात जातात. तिथे दोर टाकला की ओळीनं चाळीस भाऊ, सगळे सहा फुटांच्या आतबाहेर, जणू एकाच साच्यातले. बाया त्यांच्यापासून दूर, कोमट पाण्याच्या कडेला. थंडीचे काही आठवडे तेवढे दोघं एकमेकांच्या वाटेत येतात, आणि ते येणं म्हणजे मारामारीच. त्या दिवसांत वर आलेल्या बायांच्या पाठीवर, परांवर दातांच्या अर्धगोल जखमा असायच्या, मांस उघडं पडलेलं.

"अगं, हे कशानं?" मामांनी एकदा विचारलं.

"भांडतात ते, मामा," छोटी खाली मान घालून म्हणाली.

"एवढं भांडण? मग रीतसर लग्न झालेलं दिसतंय."

सगळी बोट हसली. छोटी कानापर्यंत लाल झाली, आणि गडबडीत तिनं मला उलटी लावली. साडेपाच फुटांची मुशी अडीच फुटांची लिहिली गेली. ती माझी आयुष्यातली एकुलती एक खोटी नोंद, आणि तीही तिनं संध्याकाळी खोडली.

आणि आठ फुटांवरच्या? सहा वर्षांत फक्त चौदा मिळाल्या. चौदाही बाया. चौदाही उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत, आणि चौदाही एका उथळ पट्टीच्या जवळपास. तिथे खालच्या खडकांनी दोर तुटतो, म्हणून कुणी मुद्दाम जात नसे. दोर वाहत त्या बाजूला गेला तरच एखादी लागायची. माणसाला एकेक मुशी आठवते, ओळ दिसत नाही. ओळ छोटीला वहीत दिसली. त्या तिथे का जातात हेही तिला कळलं होतं, कारण चौदांतल्या दोघींच्या पोटाला तिनं हात लावून बघितलं होतं, आणि आत काहीतरी हललं होतं. मामांना ते कधी दिसलं नाही, कारण एवढ्या मोठ्या मुशी बोटीवर न कापता अख्ख्याच विकल्या जात. तिनं ते वहीत लिहिलं. तोंडानं बोलली नाही.

सातव्या वर्षी दादाचं डोकं फिरल्यासारखं झालं. दोन हंगाम नुसते सहा फुटांचे भाऊ येत होते. "मोठ्या गेल्या कुठे?" सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न. एके दिवशी त्यानं बोटीवर मरून पडलेल्या तीस मुशींवर सोटा चालवला, ओळीनं, दम लागेपर्यंत. चरखीवाला मध्ये पडला तर त्याच्याही खांद्यावर एक बसला. त्या दिवसापासून चरखीवाला थट्टा करेनासा झाला. घरी दादा ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा.

"एकदा मोठ्या सापडल्या ना वहिनी, की त्याच्या मनातलं निघून जाईल," छोटी म्हणाली.

"वन्सं, तुमच्या भावाबरोबर मी पंधरा वर्षं काढलीत," वहिनी म्हणाली. "हवं ते मिळालं की त्याला अजून हवं असतं."

छोटीनं ऐकलं नाही. दुपारी स्वयंपाकघरात दादा चहा घेत बसला होता. तिनं खडूनं जमिनीवर किनारा काढला, नदी काढली, खोल पाणी काढलं. मला हातात घेतलं. "दादा, हे बघ. इथे पिल्लं. हे इथे नर." तो शब्द तिनं पुटपुटतच उच्चारला. "आणि मोठ्या म्हणजे सगळ्या बाया. उन्हाळा संपता संपता त्या इथे येतात." आणि माझं पितळी टोक तिनं त्या उथळ पट्टीवर टेकवलं.

दादानं कप खाली ठेवला. किती तरी वेळ तो माझ्या टोकाकडे बघत होता. "का येतात?"

चुलीपाशी वहिनीचा हात थांबला. छोटी जमिनीकडे बघू लागली. तिची बोटं माझ्यावर घट्ट आवळली गेली. आता बोल, बाई, आता बोल!

"पाणी कोमट असतं म्हणून," ती म्हणाली.

वहिनीला खरं काय ते उमगलं होतं. पण वन्सं शिकलेल्या, नवरा समोर बसलेला, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं, म्हणून तिनं भांड्यात डाव फिरवला. अशा रीतीनं तीन माणसं आणि एक मोजकाठी असलेल्या त्या खोलीत सगळं सांगून झालं, फक्त एक गोष्ट राहिली.

चार दिवसांनी पहाटेच आम्ही त्या पट्टीवर होतो. उन्हाळ्याचा शेवटचा महिना. पाणी पातळ हिरवं, इतकं उथळ की खडकांमधली वाळू दिसत होती. त्या वाळूवरून लांब सावल्या सावकाश फिरत होत्या. दादानं दोनशे गळ टाकले.

पहिली वर आली. दादानं सोटा घातला. एक, दोन, पाच. फळी फुटावी तसा कवटीचा आवाज झाला. छोटीनं मला लावलं, पुढे सरकवलं. "नऊ फूट चार. बाई."

दुसरी. "दहा फूट. बाई."

तिसरीनं शेपटीच्या एका फटक्यात चरखीवाल्याला कठड्यावर आदळलं. त्याच्या दोन फासळ्या गेल्या, तरी तो कण्हत उठला आणि पुन्हा चरखीला लागला. तिच्या डोक्यात दादानं सोटा इतक्यांदा घातला की नाकाची जागा कळेना, माप कुठून धरायचं हा प्रश्न पडला. दादा हसत होता. सात वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"अजून आहेत?"

"आहेत, ओळीनं आहेत!" चरखीवाला ओरडला.

"नऊ फूट अकरा. बाई." छोटीचा आवाज दर मापाला बारीक होत गेला. लाटेबरोबर रक्त तिच्या पोटऱ्यांवर चढत होतं. माझ्या खुणा भरून गेल्या होत्या. ती ओढणीनं पुसायची आणि पुन्हा लावायची.

बोटीवर जागा पुरेना, तेव्हा आठवीचं पोट मामांनी तिथेच उघडलं आणि पिल्लं बाहेर आली. एक नाही, दोन नाही, घसरत येतच राहिली. हातभर लांब, पुरती घडलेली, डोळे उघडे, दात आलेले. फळ्यांवर पडल्या पडल्या चावायला तोंडं वासत होती. मामांची सुरी हातात तशीच राहिली. "अरे देवा," ते म्हणाले. "छोटे, हे काय गं?"

छोटीनं मला टाकलं आणि ती धावली. दोन्ही हातांनी पिल्लं उचलून पाण्यात सोडायला लागली. ती तिला चावत होती, बोटांतून रक्त यायला लागलं, तरी ती उचलतच होती.

"काय चालवलंयस?" दादा ओरडला. "उद्या हीच मोठी होऊन माणसं धरतील!"

"दादा, दोर काप."

"का?"

"पोटुशा आहेत त्या!" शब्द निघाला एकदाचा. "सगळ्या पोटुशा आहेत. त्यासाठीच येतात इथे."

बोटीवर फक्त पिल्लांच्या शेपट्यांचा आवाज येत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुझ्यापुढे कसं बोलू रे?"

इथे तो थांबेल असं मला वाटलं. त्यानं त्या उघड्या पोटाकडे बघितलं, पायाशी वळवळणाऱ्या पिल्लांकडे बघितलं. मग कपाळावरचं रक्त पुसून तो म्हणाला, "बरंच झालं की. एका सोट्यात तीस." आणि चरखीकडे वळून गरजला, "ओढ!"

मग जे झालं त्याला मासेमारी म्हणत नाहीत. नववी, दहावी, बारावी, पंधरावी. मामा यांत्रिकपणे कापत होते आणि रडत होते. छोटी दोर तोडायला दोनदा कुऱ्हाडीकडे गेली, दोनदा दादानं तिला ढकलून दिलं. दुसऱ्यांदा ती माझ्याशेजारीच पडली. एकोणिसावी वर आली, सगळ्यांत मोठी, जिवंत, कल्ले उघडत-मिटत. दादानं दोन्ही हातांनी सोटा डोक्यावर नेला.

छोटीनं मला उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं.

मी कधी कुणाला मारलं नव्हतं. हाड माझ्या अंगावर वाजलं तेव्हा मला कळलं की सोट्यात आणि माझ्यात फरक होता तो फक्त धरणाऱ्या हाताचा. सोटा सुटला. दादा तिच्याकडे वळला. बहिणीनं आपल्यावर हात उचलला हे त्याला खरंच वाटत नव्हतं. तो एक पाऊल मागे गेला. पाय पडला पिल्लांवर. तो घसरला आणि सावरायला त्यानं उजवा हात खाली टेकवला, नेमका त्या जिवंत मुशीच्या तोंडापाशी.

तिनं कोपरापर्यंत हात घेतला.

दादाचा आवाज मला सांगता येणार नाही. छोटीनं माझं पितळी टोक जबड्याच्या कोपऱ्यात घातलं आणि सगळं अंग माझ्यावर टाकलं. मी वाकले. मी कधी वाकत नाही, पण वाकले, आणि कडाडून मोडले. पितळी टोकाकडचा तुकडा तिच्या दातांत राहिला. उरलेली मी, टोकदार, फाटलेली, छोटीच्या हातात होते. तिनं मला त्या मुशीच्या कल्ल्यात खुपसलं. उपसलं, पुन्हा खुपसलं. डोळ्यात. पुन्हा कल्ल्यात. जिला वाचवायला ती धावली होती तिलाच ती मारत होती, आणि तोंडानं "सोड गं, सोड गं बाई" म्हणत होती. किती वेळा खुपसलं? मोजणं माझं काम, पण ते मी मोजलं नाही. शेवटी जबडा सैल पडला.

मामांनी कुऱ्हाड घेतली आणि दोर तोडला. राहिलेल्या सुटल्या असं समजू नका. गळ तोंडात, दोर अंगाला, अशा त्या गेल्या.

दादा वाचला. हात कोपराखाली काढावा लागला. इस्पितळात वहिनी त्याच्या उशाशी बसायची आणि छोटी दाराबाहेरच्या बाकावर. त्यानं तिला आत बोलावलं नाही. घरी आल्यावरही तो तिच्याशी बोलेना. मला तिनं धुतलं, पुसलं आणि दाराआड उभं केलं. फटींतलं रक्त मात्र निघालं नाही.

"मी तरी त्या दिवशी बोलायला हवं होतं," वहिनी एकदा म्हणाली. "डाव फिरवत बसले."

पट्टीची बातमी काही लपली नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी बंदरातले अकरा कप्तान तिकडे जायला निघाले. बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये भर दुपारी बैठक बसली. दोन महिने पट्टी सोडा असं कचेरीचं म्हणणं होतं आणि ते मांडायला छोटीला पाठवलं होतं. तिनं मला सोबत घेतलं. घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी धरायला लागतं.

"या मोठ्या बाया..." तिनं सुरुवात केली आणि शेड हसली. "या उन्हाळ्यात इथे येतात, कारण..." ती अडली.

"कोमट पाण्यात पाय सोडून बसायला!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

मागच्या बाकावरून दादा उठला. तो आलाय हे तिला ठाऊक नव्हतं. रिकामी बाही खिशात खोचलेली. हशा आपोआप थांबला. वर्षभरात त्यानं तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य: "छोटे, नीट सांग. माझ्याकडे बघून सांग."

ती त्याच्याकडे बघून बोलली. मादी म्हणाली, गर्भ म्हणाली, पोटुशी म्हणाली, आवाज न चोरता. मादी आई व्हायला पंधरा वर्षं लागतात. वर्षभर पोटात वाढवते, मग पुढचं वर्ष मोकळी असते. लहान वेगळीकडे असतात, नर वेगळीकडे, म्हणून या एका जागी ज्या माराल त्या सगळ्या आयाच. "आम्ही एका सकाळी एकोणीस मारल्या. त्यांतली शेवटची मी मारली. अकरा जणींची पोटं उघडली, आत तीनशे चार पिल्लं होती. मी मोजलीत." मग ती खाली बसली.

हात वर झाले ते पाच. सहा कप्तान म्हणाले, आमचं आम्ही बघू.

परतताना दादा तिच्या बरोबरीनं चालत होता. धक्क्याजवळ तो थांबला. "छोटे, बाबांना धरलं ती दहा फुटांची होती. उन्हाळा संपत आला होता." "तीही होती का गं तशी?"

छोटीनं मला दोन्ही हातांनी धरलं. नाही म्हणता आलं असतं. ठाऊक नाही म्हणता आलं असतं.

"हो दादा. त्या मापाची, त्या महिन्यात, दुसरी कुणी नसतेच."

दादा तिथेच दोरांच्या ढिगावर बसला. "मग तिनं दुसरं काय करायचं होतं?" तो म्हणाला, आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडला. छोटी त्याच्या शेजारी बसली. तिला तिचा भाऊ परत मिळाला तो असा, एक हात कमी आणि एकोणीस मुशी कमी.

त्या सहा बोटी गेल्याच. दोन उन्हाळे गेल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात रिकाम्या आल्या आणि मग जायच्या थांबल्या. आता पट्टीवर कुणीच जात नाही, फक्त आम्ही जातो. दादा एका हातानं सुकाणू धरतो, मामा पाठ धरून कुरकुरतात, वहिनी डबा देते आणि छोटी पुढच्या टोकाला गुडघे टेकून पाण्यात बघत बसते. गळ नाही, सोटा नाही. बोटीवर मी आहे, साडेपाच फूट उरलेली. एखादी शेजारून गेलीच, तर पाण्यावर मला धरून अंदाज घ्यायचा, एवढंच माझं काम.

उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्याचा आज सत्ताविसावा दिवस. अजून एकही सावली दिसलेली नाही. चार दिवस उरलेत. तुमच्यापैकी कुणाची बोट त्या बाजूनं जात असेल तर हात जोडून सांगते, तिथे दोर टाकू नका. आम्ही वाट बघतोय.